कंपनीची वाकडी शिलाई

जबलपूरच्या रांझी भागातल्या त्या गल्लीत सकाळी दहाला रहदारी म्हणून नव्हती. एक शेळी होती, ती गाडी पाहून स्वतःहून बाजूला झाली. तरीही भय्यासाहेबांनी तीन वेळा हॉर्न वाजवला. हॉर्न वाजवल्याशिवाय आपण कुठे पोचलो असं त्यांना वाटतच नसे.

गुलाबराव रामटेके अंगणात मटार सोलत बसले होते. मिलिटरीच्या ट्रकांच्या फॅक्टरीत ताडपत्रीचे हूड शिवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती, आणि निवृत्तीनंतर बायकोनं मटारांवर नेमणूक केली होती. हॉर्न ऐकून त्यांनी मान वर केली नाही. ही गाडी कोणाची, हे त्यांना आवाजावरून कळत होतं.

"आली बघा," घरातून कलावतीबाई म्हणाल्या. "माझी वाकडी शिलाई आली."

गेली तेहेतीस वर्षं त्या हेच म्हणत आल्या होत्या. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला, कोणाच्या लग्नात, बड्या फुहाऱ्याच्या बाजारात, जिथे कुठे ही मरून रंगाची कॉन्टेसा गाडी दिसे तिथे त्या पदर सावरून दुसऱ्या बाजूला वळत आणि हे एवढंच वाक्य बोलत. सुरुवातीला हसून बोलत. पुढे हसणं कमी झालं. त्या वाक्यानं गुलाबरावांच्या मनाला काय होतं, हे त्यांनी बायकोला कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं? वाईट वाटायचं, इतकंच.

गोष्ट सरळ होती. गाडी भय्यासाहेबांच्या वडिलांनी, बापूसाहेबांनी घेतलेली. घेतल्याच्या दुसऱ्याच पावसाळ्यात राइट टाउनच्या बंगल्यातल्या चिंचेची फांदी तिच्या टपावर पडली. पत्रा ठोकून झाला, पुट्टी भरून झाली, पण टप काही पहिल्यासारखा दिसेना. तेव्हा कोणीतरी सुचवलं की वरून काळं रेक्झिन चिकटवा, मोठ्या गाड्यांना असतं तसं, म्हणजे फॅशनही होईल आणि खड्डेही झाकतील. शहाणी माणसं त्याला व्हिनाइल रूफ म्हणतात. जबलपुरात तेव्हा ते काम कोणी करत नव्हतं. गुलाबरावांनी मापं घेतली, तीन पट्ट्या कापल्या, आणि कलावतीबाईंनी या इथेच, या अंगणात, जाड कापडाच्या मशीनवर त्या एकमेकींना जोडल्या.

पहिली शिलाई दोरीसारखी सरळ आली. दुसरी मागच्या काचेपर्यंत पोचत आली होती, तेवढ्यात दारात उभ्या कॉन्टेसामध्ये बसलेल्या तरुण भय्यासाहेबांनी हॉर्न दाबला. त्यांना मित्राच्या वरातीला उशीर होत होता. कलावतीबाई दचकल्या, हात हलला, आणि शिलाई बोटभर बाहेर जाऊन परत जागेवर आली. कापड असतं तर उसवून पुन्हा शिवता आलं असतं. रेक्झिनला एकदा सुई लागली की भोक जन्माचं. दुसरी पट्टी कापायला रेक्झिन उरलं नव्हतं. भय्यासाहेब म्हणाले, "चलता है, टपावर कोण चढून पाहतंय?" आणि घाईघाईनं रेक्झिन चिकटवून घेऊन ते गाडीसकट वरातीला गेले.

आता तेच भय्यासाहेब अडुसष्टाव्या वर्षी, डोक्यावर गोल्फची टोपी घालून, गाडीतून उतरत होते. गोल्फ त्यांनी आयुष्यात खेळला नव्हता. सोबत नात होती, अवंतिका, कॉलेजात शिकणारी, हातात मोबाइल, आणि तो चालू.

"गुलाब, जानेवारीत जुन्या गाड्यांची रॅली आहे," खुर्ची पुसल्याशिवायच ते बसले, हे त्यांच्या मानानं मोठं सौजन्य. "बाहेरून परीक्षक येऊन राहिले. और ये छत देख."

छताची खरंच दशा झाली होती. उन्हानं रेक्झिन तडकलं होतं, कडेला सुटून वर आलं होतं, मध्ये फुगे धरले होते. पापड भाजायला टाकावा आणि विसरून जावं तसं दिसत होतं.

"विजय नगरच्या दुकानात दाखवलं," भय्यासाहेब म्हणाले. "तो म्हणतो सगळं खरवडून स्टिकर लावून देतो. स्टिकर! या गाडीला! मी म्हटलं, भैया, फ्रिजला लाव तुझं स्टिकर." मग उठून गाडीजवळ जाऊन त्यांनी गुलाबरावांना हातानं जवळ बोलावलं आणि टपाच्या डाव्या बाजूला मागे बोट टेकवलं. "आता नीट बघ. ही शिलाई दिसते? इथे ती जराशी बाहेर जाते आणि परत येते. दिसली?"

गुलाबरावांना ती डोळे मिटूनही दिसत असे. ते म्हणाले, "दिसली."

"ही कंपनीची खूण आहे."

गुलाबराव भय्यासाहेबांच्या तोंडाकडे पाहत राहिले. माणूस थट्टा करत असेल तर ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हलतं. काही हललं नाही.

"हातशिलाईची निशाणी. असली काम. मशीनवर कोणीही सरळ मारेल. हे छत इटलीहून मागवलं होतं बापूसाहेबांनी," भय्यासाहेब अवंतिकाच्या मोबाइलकडे वळून म्हणाले. "तिथले कारागीर एकेक शिलाई मुद्दाम अशी सोडतात. म्हणजे नक्कल ओळखू येते."

गुलाबरावांनी हे छत पूर्वी कलकत्त्याहून आल्याचं ऐकलं होतं, मंडळाच्या एका कोजागिरीला. नंतर एका मुंजीत ते इंग्लंडहून आलं. आता ते इटलीपर्यंत पोचलं होतं. बसल्या जागी एवढा प्रवास दुसऱ्या कोणत्या छतानं केला नसेल. पण आजवर हे सगळं त्यांनी दुरून, चार लोकांच्या पाठीमागे उभं राहून ऐकलं होतं. आज ते त्यांच्याच अंगणात, ज्या जागी मशीन होती त्या जागी उभं राहून, त्यांनाच सांगितलं जात होतं. खोटं बोलणाऱ्याला निदान खरं काय ते आठवत असतं. भय्यासाहेब त्याच्याही पुढे गेले होते.

"तर काम तू करायचं," भय्यासाहेबांनी निकाल दिला. "तू ट्रकांचे हूड शिवायचास, तुला थोडंफार जमेल. फक्त एक. ही खूण हुबेहूब आली पाहिजे. इथून बाहेर, इथून आत. बोटभर. कळलं?"

घरात भांडं जोरात आपटलं. गुलाबरावांना कळलं की सगळं आत ऐकू गेलं आहे.

नाही म्हणावं, असं त्यांच्या जिभेवर आलं होतं. पण तेहेतीस वर्षं एकच इच्छा धरून बसलेल्या माणसाला नाही म्हणणं सोपं नसतं. ते छत एकदा, फक्त एकदा, पुन्हा हातात यावं आणि कलावतीची शिलाई सरळ व्हावी. त्यांच्या बोटांना आता सकाळी कात्री नीट धरता येत नव्हती. पुढच्या वर्षी हे काम त्यांच्याकडून होणार नव्हतं. छत हातात आलं होतं, आणि सोबत हुकूम आला होता की वाकडंच शिव.

"बघतो," ते म्हणाले.

गाडी अंगणात ठेवून आजोबा-नात ऑटोनं गेले. कलावतीबाई बाहेर आल्या, कमरेवर हात ठेवून टपाकडे पाहत उभ्या राहिल्या.

"काहून हो," त्या म्हणाल्या, "मी इटलीत कधी होती?"

"तू दचकली तेव्हाच गेली असशील," गुलाबराव म्हणाले. त्या हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी रेक्झिन घ्यायला भय्यासाहेब स्वतः बड्या फुहाऱ्याला आले. दुकानदाराला त्यांनी "इटलीवाला दिखाओ" म्हणून सांगितलं. दुकानदार धंद्यात मुरलेला होता. त्यानं एक ठाण मागे नेलं, धूळ झटकली आणि तेच ठाण पुढून आणून दाखवलं. भय्यासाहेबांनी अंगठा घासून पाहिला, वास घेतला आणि म्हणाले, "हां, ये हुई ना बात." गुलाबरावांनी पोत तपासला, अस्तर ओढून पाहिलं. माल चांगला होता, म्हणून ते गप्प बसले.

मग जुनं छत उतरवायचं काम. कडेच्या चकचकीत पट्ट्या एकेक करून सोडवल्या, मागच्या काचेचं रबर काढलं, आणि रेक्झिन एका कोपऱ्यातून हळूहळू सोलत आणलं. डाव्या शिलाईचा भाग गुलाबरावांनी जपून वेगळा कापून ठेवला. भय्यासाहेबांचा तसा आदेशच होता, नमुना म्हणून. खाली चिकटवायच्या जुन्या सोल्यूशनचे थर होते, गंजाचे चट्टे होते, आणि मधोमध ताटाएवढी पुट्टी.

"हे काय?" भय्यासाहेब जवळ आले. ते आता रोज येऊन खुर्ची टाकून बसत, म्हणजे काम बिघडायला नको. "कंपनीनं पुट्टी भरली?"

"कंपनीनं फार मनापासून काम केलं होतं साहेब," गुलाबराव म्हणाले. "चिंचेची काडीपण ठेवली आहे आठवणीला." पुट्टीत खरंच एक वाळकी काडी अडकलेली होती. भय्यासाहेबांनी ती काडी बघितली, क्षणभर काहीतरी आठवल्यासारखं केलं, आणि मग अवंतिकाला म्हणाले, "व्हिडिओ बंद कर, बॅटरी जाईल."

गंज घासला, प्राइमर मारला, वाळू दिला. तीन पट्ट्या कापल्या. आणि मग खरी पंचाईत सुरू झाली. गुलाबराव मशीनवर बसले आणि उरलेल्या तुकड्यावर वाकडी शिलाई मारून पाहिली.

"नाही," भय्यासाहेब म्हणाले. "हे खूपच वाकडं झालं."

दुसरा तुकडा. "हे मुद्दाम केल्यासारखं दिसतं."

तिसरा. "यात जान नाही."

चाळीस वर्षं ज्या हातांनी सरळ शिवायचंच शिक्षण घेतलं, त्यांना आता वाकडं शिवायला सांगितलं होतं आणि वर नैसर्गिक वाकडं हवं होतं. गुलाबरावांनी सात तुकडे वाया घालवले. फॅक्टरीत त्यांनी कधी एवढा माल वाया घालवला असता तर घरी बसवलं असतं. चौथ्या दिवशी त्यांनी हात टेकले. मशीनवरून उठले आणि पायरीवर जाऊन बसले. त्यांना राग भय्यासाहेबांचा आला नव्हता, स्वतःचा आला होता. बायकोची चूक पुसायची म्हणून काम घेतलं, आणि चार दिवस ती चूकच घोटत बसलो.

कलावतीबाईंनी चहाचे कप आणले. भय्यासाहेबांना दिला, अवंतिकाला दिला, नवऱ्याला दिला. मग पदर खोचला आणि मशीनसमोर बसल्या.

"साहेब," त्या म्हणाल्या, "ही खूण अशी नाही येत. मी सांगते कशी येते. तुम्ही गाडीत बसा."

"गाडीत? कशाला?"

"बसा तर खरं. मी इथे शिवते. शिलाई मागच्या काचेजवळ आली की मी हात वर करीन. तेव्हा भोंगा वाजवायचा. जोरात."

"भोंगा?" भय्यासाहेब हसले. "बाई, शिलाईचा आणि भोंग्याचा काय संबंध?"

"कंपनीत असंच केलं होतं," कलावतीबाई म्हणाल्या आणि सुईत दोरा ओवायला लागल्या. त्यांचे डोळे आता तेवढे चांगले नव्हते. अवंतिका पुढे झाली आणि तिनं दोरा ओवून दिला.

"कौनसी कंपनी, आजी?" तिनं विचारलं. तिला मराठी सगळं कळत होतं, बोलायच्या वेळी हिंदी पुढे येई.

"तुझ्या आबांना विचार. ते होते तिथे."

भय्यासाहेब गाडीत जाऊन बसले, ते वाद मिटवायचा म्हणून. दार लावलं, हात स्टिअरिंगवर ठेवला. समोर काचेतून अंगण दिसत होतं. अंगणात मशीन, मशीनमागे बाई, बाजूला पायरीवर बसलेला गुलाब. फक्त सगळ्यांचे केस पांढरे झाले होते. गुलाबराव त्यांच्याकडेच पाहत होते, म्हणून पुढचं त्यांना नीट दिसलं. भय्यासाहेबांचं तोंड हळूहळू उतरत गेलं. इटली गेली, इंग्लंड गेलं, कलकत्ताही गेलं. टोपीखाली एक म्हातारा माणूस उरला, ज्याला मित्राच्या वरातीला उशीर होत होता.

मशीन सुरू झाली. खटखट, खटखट, एका लयीत. पहिली शिलाई झाली. बाईंनी दुसरी पट्टी लावली. रेक्झिन सुईखालून सरकत होतं. गुलाबराव पायरीच्या कडेला सरकले. आता त्यांना वाटायला लागलं होतं की ही बया खरोखरच वाकडं शिवणार, साहेबांचा हट्ट पुरवायला, आणि तीही आपल्या डोळ्यांसमोर.

कलावतीबाईंनी डावा हात वर केला.

भय्यासाहेबांनी हॉर्न दाबला नाही.

"वाजवा साहेब!" त्या मशीन न थांबवता ओरडल्या. "तेव्हा नाही विचारलं तुम्ही! आता काहून थांबून राहिले?"

हॉर्न वाजला. शेळीनं दावं तोडलं. समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. हॉर्न पुन्हा वाजला, आणि पुन्हा, लांब. भय्यासाहेबांचा हात आता तिथून हलायला तयार नव्हता, त्यांनाच कळत नव्हतं आपण दाबून का धरलाय. गल्ली दणाणून गेली. आणि मशीनची खटखट त्याच लयीत चालू राहिली. बाईंचा हात हलला नाही. शिलाई काचेच्या खुणेपर्यंत आली, पार गेली, काठाला जाऊन संपली.

त्यांनी दोरा तोडला. पट्ट्या दोन्ही हातांत धरून उन्हाकडे वर केल्या. दोन रेघा, पट्टीनं आखाव्यात अशा.

"तेव्हा मी तुमच्या भोंग्याला भीत होती साहेब," कलावतीबाई म्हणाल्या. "आता नाही भीत."

गुलाबरावांनी पायरीवरूनच दुसऱ्या रेघेवर नजर काचेच्या खुणेपर्यंत नेली आणि परत आणली. भय्यासाहेब गाडीतून उतरले. टोपी काढून हातात घेतली. सरळ शिलाईवरून अंगठा फिरवला, जसा ते इतकी वर्षं वाकड्या शिलाईवरून फिरवत आले होते.

"त्या दिवशी वरातीला उशीर होत होता," ते म्हणाले. आवाज इतका हळू होता की तो त्यांचा वाटेना.

"माहीत आहे," कलावतीबाई म्हणाल्या. "मी पण घाईतच शिवून राहिली होती."

अवंतिका मोबाइलवर रॅलीचा फॉर्म उघडून उभी होती. "आबा, रूफवाले कॉलममध्ये काय लिहू? इटली?"

भय्यासाहेबांनी घसा खाकरला. एकदा गल्लीत जमलेल्या लोकांकडे पाहिलं, एकदा गुलाबरावांकडे. "नको," ते म्हणाले. "कलावती गुलाबराव रामटेके लिही. रांझी."

पुढचे दोन दिवस छत चिकटवण्यात गेले. मधून कडेकडे, सुरकुती न येऊ देता. थंडीत रेक्झिन ताठ राहत होतं, म्हणून अवंतिकानं घरून केस वाळवायचं यंत्र आणलं आणि गुलाबराव सांगतील तिथे धरून उभी राहिली. चकचकीत पट्ट्या परत बसल्या. काचेचं रबर बसलं. गुलाबराव गाडीभोवती चार फेऱ्या मारून आले आणि त्यांना एकही दोष सापडला नाही, ही त्यांच्या आयुष्यातली पहिलीच वेळ होती.

रॅलीत बक्षीस मिळालं नाही. ते कोण्या जीपला गेलं, जिला छतच नव्हतं. पण परीक्षक छताजवळ बराच वेळ थांबला, असं अवंतिका सांगत आली. आणि भय्यासाहेबांचं म्हणाल तर ते एका दिवसात सुधारले, असं मानायचं काही कारण नव्हतं. मंडळात आता त्यांनी नवी कथा सुरू केली होती. असं काम करणारी हिंदुस्थानात एकच बाई आहे आणि ती मी, मी स्वतः, रांझीच्या गल्लीत शोधून काढली. पुढच्या कोजागिरीपर्यंत कलावती शिकायला इटलीला जाऊन आलेली असेल, असा गुलाबरावांचा अंदाज होता. तरी एक फरक होता, आणि तो त्यांना मनापासून आवडला होता. या कथेत निदान नाव खरं होतं.

फेब्रुवारीत एका सकाळी कॉन्टेसा पुन्हा गल्लीत शिरली. हॉर्न एकदाच वाजला, तोही दबकत.

"तो जुना तुकडा," भय्यासाहेब खुर्चीत टेकत म्हणाले. "वाकड्या शिलाईचा. तो आहे ना तुमच्याकडे? म्हटलं फ्रेम करून दिवाणखान्यात लावावा. आठवण म्हणून."

तुकडा समोरच होता. कलावतीबाईंनी त्याच्या कडा दुमडून मशीनचं झाकण शिवलं होतं. ती बोटभर वाकडी रेघ बरोबर वरच्या बाजूला आली होती, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. त्यांनी झाकणावरची धूळ हातानं पुसली आणि ते मशीनवर नीट ओढून घेतलं.

"कंपनीची खूण आहे ना साहेब?" त्या म्हणाल्या. "मग राहू द्या कंपनीजवळच."